सावडीचा चार्ट

मुळशीच्या हेमलताबाई वयाच्या चोपन्नाव्या वर्षी चार्टच्या प्रेमात पडल्या. सूनबाई ज्ञानदा हिंजवडीच्या ऑफिसचं काम घरूनच करायची. तिने एक बटण दाबलं आणि आकड्यांचे रंगीत खांब उभे राहिले, तेव्हा बाई तांदूळ निवडायचे सोडून तिथेच बसल्या.

आकडे बाईंकडेही होते. आळीतल्या बारा घरांची सावड त्या सांभाळत: भातलावणीला आज सगळे तुझ्या खाचरात, उद्या सगळे माझ्या. पण यंदा त्यांतलाच जयसिंग बिथरला होता. "मी समद्यांकडं जातुया, माज्याकडं चारच टाळकी येत्यात. उरलेल्या लावणीला मी भायेरची टोळी लावणार!" त्याची खाचरं सगळ्यांत मोठी. तो फुटला की सावड मोडलीच. सासूने हाती दिलेली सावड बाईंना आपल्या हातून मोडू द्यायची नव्हती.

म्हणून त्यांनी आठवडाभर बसून, कोण कुणाकडे किती दिवस राबलं त्या सगळ्या नोंदी लॅपटॉपवर चढवल्या. बेरीज काही जुळेना.

"आई, आकड्याच्या रकान्यात 'अर्धा, म्हैस व्याली' का लिहिलंय?"

"व्यालीच व्हती न्हवं!"

"ते शेजारी शेऱ्यात लिहा. इथे नुसतं ०.५. नाहीतर बेरीज ती नोंद सोडून पुढे जाते."

मग आलं पिव्हट टेबल. घराचं नाव ओळींत ओढायचं, दिवस बेरजेत टाकायचे, की तीनशे नोंदींची बारा ओळींत घडी! बाईंनी चक्क टाळी वाजवली. त्यांना चार्ट गोल हवा होता, भाकरीसारखा. ज्ञानदा म्हणाली, बारा तुकड्यांत कुणाचा मोठा ते कळत नाही. खांबच घ्या आणि मोठ्याकडून लहानाकडे लावा.

रविवारी दुपारी आळी देवळात जमली आणि मंडळाच्या प्रोजेक्टरने आतल्या भिंतीवर खांब उभे केले. पहिला, सगळ्यांत उंच, जयसिंगचा: अठ्ठावीस दिवस. त्याचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. माणसं खाली बघायला लागली.

तेवढ्यात शेजारच्या धोंडाबाईंनी टोकाच्या बोटभर खांबाकडे हात केला. "आन् ह्यो कुनाचा गं?"

हेमलताबाईंचाच. दीड दिवस.

बाईंना हसू आवरेना. "आत्ता गं बया, कामचुकार मीच की! भावजी, उद्या मी तुमच्या खाचरात."

"मग पन्नास भाकरी कोन थापनार?" जयसिंग म्हणाला. "एकतीस दिस समद्यास्नी जेवान तुमच्या चुलीवरचं. त्ये कुटं लिवलंय?"

"त्ये काय काम हाय व्हय?" बाई खरोखरच गोंधळल्या.

"लिवा म्हंतो न्हवं!"

बाईंनी आपल्या नावापुढे एकतीस दिवस लिहिले. खांब ढिम्म हलेना.

"आई, रिफ्रेश! नोंद बदलली तरी पिव्हटला सांगावं लागतं."

बाईंनी दाबलं आणि त्यांचा खांब टोकावरून उडी मारून जयसिंगच्याही पुढे जाऊन उभा राहिला. देवळात एकच गलका झाला. जयसिंग उठून पुढे आला.

"टोळी ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "उद्या समदी माज्याकडं. आन् वयनी, तुमी नुसतं बांधावर बसायचं. भाकरी मी थापतो."

दुसऱ्या दिवशी बाराही घरं त्याच्या खाचरात उतरली. जेवणं झाली तशी बाईंनी बांधावरच लॅपटॉप उघडून नोंद केली: जयसिंग, भाकरी, ०.५. शेजारी शेराही लिहिला: करपल्या, पण सगळ्यांनी खाल्ल्या.