साडूंचं कोपर

गोदावरीच्या अलीकडे किंवा पलीकडे माझ्या थोरल्या साडूंइतकी नाजूक कातडी आजवर कुणाला मिळाली नसेल, आणि इतक्या राकट माणसाला तर नाहीच नाही. सहा फुटांचा देह, कानाला टेकू पाहणाऱ्या मिशा, आणि आवाज असा की सोनपेठच्या स्टँडवर त्यांनी "चला, आत सरका!" म्हटलं की बाजूच्या गाडीतले लोकही सरकत. ते सोनपेठ-परभणी गाडीवर कंडक्टर होते. दारू पिऊन चढलेल्या माणसाला एका हाताने उचलून खाली ठेवायचे आणि त्याचा घाम हाताला लागला म्हणून पुढचे दोन दिवस तोच हात खाजवत बसायचे. खाकी कपड्यांना खळ जरा जास्त झाली की पाठीवर गांधी उठत. टोपीच्या पट्ट्याने कपाळावर असा लाल पट्टा पडे, की म्हाताऱ्या बाया त्यांना देवभोळा समजून सुट्टे पैसे शोधून देत. कडुनिंबाचा साबण साऱ्या जगाला गुणकारी, यांना त्याने ताप भरायचा. अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणायची, "ह्यान्ला देवानं घडवलं बैलाच्या मापानं, अन् वरून कातडं घातलं तान्ह्या लेकराचं."

त्यांच्या लग्नाची गोष्ट आमच्या सासुरवाडीत अजून सांगतात. आदल्या दिवशी हळद लागली आणि सकाळपर्यंत नवरदेवाचं तोंड सुजून परातीएवढं झालं. एक डोळा पूर्ण मिटला, दुसरा किलकिला. मुंडावळ्यांनी जमेल तेवढं झाकलं, पण अंतरपाट दूर झाल्यावर नवरीची आजी उभी राहून ओरडली, "ह्यो त्यो पोरगा न्हाईच! पोरगा बदलला माय!" अर्धा मांडव उठला. शेवटी साडूंनी आजीला हाक मारली, आणि तो आवाज ऐकल्यावर खात्री पटली. लग्नाच्या फोटोत अक्का दिसते आणि तिच्या शेजारी कुणीतरी अनोळखी गृहस्थ दिसतो. त्या दिवसापासून साडूंनी हळदीशी वैर धरलं. त्यांच्या घरी वरणसुद्धा पांढरं शिजायचं. आम्ही पाहुणे गेलो की मला वाटायचं, कुणीतरी आजारी आहे.

त्या काळी आमच्याकडच्या बाजारात दोनच मलमं खात्रीची होती: एक थंडीत ओठांना लावायचं आणि एक बैलाच्या खांद्याला. साडूंनी दोन्ही लावून पाहिली होती. मग एकदा आखातात नोकरीला असलेला एक प्रवासी सुट्टीवर आला. साडूंनी त्याच्या चार बॅगा स्वतः टपावर चढवल्या. त्याने खूश होऊन एक पांढरी बुटकी डबी हातात ठेवली. म्हणाला, जपानी आहे. साडूंनी लावली. काहीच झालं नाही. आपल्यासारख्याला यात काय विशेष वाटेल, पण ज्याला आयुष्यभर सगळ्याने काहीतरी झालेलं असतं, त्याला काहीच न होणं म्हणजे चमत्कार. साडू मला परभणीला येऊन सांगून गेले, "पाव्हणं, लावलं अन् इसरलो! वास न्हाई, रंग न्हाई, आग न्हाई. जपानी माणूस बगा कसा गुमान ऱ्हातो, तसंच त्याचं मलम." जपानी माणूस त्यांनी तोवर पाहिला नव्हता.

तिथून शोध सुरू झाला. जिल्ह्यातला कुणाचाही भाचा, मेव्हणा, जावई आखातातून वा बोटीवरून परतला की ती खबर गाडीतूनच येई, आणि साडू त्याच्या दारात हजर. हळूहळू अक्काच्या ट्रंकेतली लुगडी बाहेर आली आणि आशिया खंड आत गेला. सयामची गारेगार पावडर होती, तिने साडू शर्ट काढून गाडीबाहेर पळाले होते. चीनची मोत्याची क्रीम होती. ब्रह्मदेशातलं एक लाकूड होतं, ते सहाणेवर उगाळून गालाला लावतात असं कळल्यावर हे आठवडाभर पिवळसर गाल घेऊन तिकिटं फाडत होते. कोरियाचा साबण, मलायाचं तेल. प्रत्येक गोष्टीला एकच कायदा: आधी कोपर. डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागेत, थोडंसं लावायचं आणि तीन दिवस वाट पाहायची. तीन दिवसांत कोपर गप्प राहिलं तर मानेला, मान गप्प राहिली तर गालाला. एका जुन्या वहीत चार रकाने पाडले होते: वस्तू, देश, दिवस, परिणाम. परिणामाच्या रकान्यात तीनच शेरे असत. 'मानवलं', 'मानवलं नाही' आणि 'मरता मरता वाचलो'.

स्वतःची कोपरं भरली की ते दुसऱ्यांची उसनी घेत. माझ्या हातावर त्यांनी एकदा पाच गोल काढून आकडे घातले. ऑफिसात साहेबांनी बाह्या वर केलेल्या पाहिल्या आणि विचारलं, "हे काय, जत्रेत गोंदवलंत का?" मी खरं सांगितलं. साहेबांनी दार लावून घेतलं आणि हळूच आपला पाय दाखवला. पुढच्या आठवड्यात साहेबांचं कोपरही वहीत चढलं. मी साडूंची यथेच्छ टिंगल करायचो, ते मात्र शांतपणे म्हणत, "हसा. तुमची कातडी गेंड्याची हाय, तुमाला काय कळायलंय."

टिंगलीला त्यांनी मोठा आधारही दिला होता. एकदा एका भाच्याने जपानी ट्यूब आणली. तिच्यावर एका हसऱ्या म्हातारीचं चित्र होतं. अक्षर एकही वाचता येईना. साडू म्हणाले, "ह्या वयात गाल बगा कसे तुकतुकीत! ह्याच्यात जीव हाय." कोपर तीन दिवस गप्प राहिलं. चौथ्या दिवशी पहाटे, मानेची पायरी गाळून, त्यांनी ते तोंडभर लावलं, मिशांसकट. परभणीची गाडी सुटेपर्यंत मिशा वरच्या ओठाला अशा घट्ट चिकटल्या की तोंड उघडेना. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी गाडीत एक शब्दही न बोलता फेरी पूर्ण केली. लोकांना वाटलं, घरात काही वाईट घडलं. दोन म्हाताऱ्यांनी उतरताना त्यांचं सांत्वन केलं.

त्या ट्यूबचा उलगडा झाला साडूंच्या शेजारच्या गल्लीतल्या गुरुजींच्या घरी. गुरुजी बौद्ध. त्यांच्याकडे एक जपानी भंतेजी तीन दिवस मुक्कामाला आले होते. ते बरीच वर्षं विदर्भात राहिलेले, मोडकीतोडकी हिंदी बोलत. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची ती वर्षं. एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत कोण कशाला गेलं, याचेही अर्थ लावले जात. कुणीतरी साडूंना विचारलंच, "तुमी तिकडं कामून जायलाव?" साडू म्हणाले, "खाजंला जात नसती बाबा," आणि ट्रंक डोक्यावर घेऊन भर दुपारी सगळ्यांच्या देखत गेले. गुरुजींच्या ओसरीवर सगळ्या डब्या मांडल्या. भंतेजी एकेक उचलून वाचू लागले. म्हातारीची ट्यूब हातात आली तेव्हा ते आधी गंभीर झाले, मग आपल्या दातांवर बोट ठेवून कवळी काढल्यासारखं केलं, आणि परत बसवल्यासारखं केलं. ती कवळी चिकटवायची ट्यूब होती. भंतेजी इतके हसले की गुरुजींच्या बायकोने त्यांना पाणी आणून दिलं.

पण त्याच दुपारी साडूंना खरा खजिना मिळाला. भंतेजींनी सांगितलं, माझी आई यातलं काहीच लावत नसे. तांदळाचा कोंडा पातळ फडक्यात बांधायचा, कोमट पाण्यात भिजवायचा, दुधासारखं पाणी सुटलं की त्या पुरचुंडीने अंग हलके पुसायचं. बस्स. साडूंनी विचारलं, "म्हंजे जे आपुन म्हशीला घालतो ते?" भंतेजींनी मान डोलावली. आमच्याकडे भाकरी ज्वारीची, तांदूळ कुठला? मग नांदेडच्या गाडीचा ड्रायव्हर दर पंधरवड्याला गिरणीतून कोंड्याची पिशवी आणू लागला. वहीत शेरा पडला: 'मानवलं. म्हशीलाही आणि मलाही.' गुरुजींच्या घरी त्यांचा नेमाने चहा सुरू झाला तो तेव्हापासून.

आता या सगळ्या उठाठेवीचं खरं कारण सांगतो. मला ते उशिरा कळलं. साडूंना एकच मुलगी, मंगल. बापाचा आवाज तिला आला नाही, पण कातडी आली. पाच वर्षांची असताना हरताळकेला कुणीतरी तिच्या गालाला हळद लावली आणि पोरीचे डोळे दोन दिवस उघडले नाहीत. साडूंनी त्या दोन रात्री तिला खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या मारल्या. ती पहिली पांढरी डबी त्यांनी पुढे स्वतःला लावलीच नाही. तिच्यासाठी वापरली, आणि तळाशी बोटभर क्रीम राहिल्यावर घट्ट झाकण लावून ठेवून दिली. म्हणाले, "ही तिच्या लग्नाच्या दिशी."

आणि लग्न ठरलं, पाथरीला. मुलगा चांगला, घर चांगलं, फक्त विहीणबाई रीतिरिवाजाच्या कडक. नवऱ्याला लावून उरलेली उष्टी हळद नवरीकडे येणार आणि तीच तिला लागणार, यात तडजोड नाही. लग्नाला एक महिना होता. हळद नको म्हणावं तर अपशकुन, मोडतं लग्न. लावावी तर पोरगी सुजलेल्या तोंडाने, मिटलेल्या डोळ्यांनी मांडवात उभी राहणार आणि सासरची माणसं बघत राहणार. साडूंचं खाणं सुटलं. मी पहिल्यांदाच त्यांची टिंगल केली नाही.

मग एका सकाळी त्यांना वाटलं, की ज्या शत्रूला आपण वीस-बावीस वर्षं घाबरलो, त्याला कोपर कधी दाखवलंच नाही. हळदीची परीक्षाच झाली नव्हती! ते वसमतच्या बाजूला एका शेतकऱ्याकडे गेले, त्याच्या शेतातली शिजवून वाळवलेली हळकुंडं आणली आणि अक्काकडून जात्यावर दळून घेतली. डाव्या कोपराला ती, उजव्या कोपराला बाजारातली सुवासिक, रंगीत लग्नाची हळद. दुसऱ्या दिवशी उजवं कोपर फुगलं. डावं तिसऱ्या दिवशीही गप्प. साडू तसेच दोन्ही हात वर करून माझ्या दारात उभे राहिले. "पाव्हणं! हळद निर्दोष हाय! लबाडी त्या रंगाची अन् वासाची हाय!" मग मंगलचं कोपरही गप्प राहिलं. त्या संध्याकाळी त्यांच्या घरी पिवळं वरण शिजलं. साडू तीन वाट्या प्याले आणि इतकी वर्षं वाया गेली म्हणून हळहळले.

आता उरली पाथरी. मला सोबत घेऊन ते गेले. हळदीचा डबा पुढे ठेवून म्हणाले, "नवरदेवालाबी हीच लावा, म्हंजे उष्टी आली तरी चालंल." विहीणबाईंचा चेहरा उतरला. "आमच्या घरच्या हळदीला काय झालं? आमी काय इख कालवायलाव त्यात?" मला वाटलं, संपलं. तेवढ्यात त्या चहा देऊ लागल्या. बशी पदराने धरलेली. साडूंची नजर तिथे गेली. कंडक्टरची नजर ती, पदराआडची कोंबडीही ओळखणारी. म्हणाले, "इहीणबाई, हात दावा." विहीणबाईंनी हळूच पदर बाजूला केला. धुण्याच्या सोड्याने बोटं चिरली होती, लाल झाली होती. "बारा वर्सं झाली," त्या म्हणाल्या. "चारचौघात हात काढायची लाज वाटती." साडूंनी पिशवीतून कोंड्याची पुरचुंडी काढली. सोडा बंद करायला सांगितला आणि हीच पुरचुंडी रोज वापरायला सांगितली. पण आधी कोपराला, तीन दिवस.

अठरा दिवसांनी पाथरीच्या गाडीच्या कंडक्टरने निरोप आणला: "हात लय मऊ पडले. हळद पाठवा. कोंडाबी पाठवा."

लग्न सोनपेठला झालं. उष्टी हळद वाजतगाजत आली आणि विहीणबाईंनी स्वतः, उघड्या हातांनी, मंगलच्या गालाला लावली. आम्ही सगळे तिच्याकडे असे बघत होतो, जसं काही दूध उतू जायचं आहे. सकाळ झाली. पोरीचं तोंड स्वच्छ, वर हळदीचं तेज. अंतरपाट दूर होताना साडूंनी त्यांच्या त्या आवाजात जी "सावधान!" ठोकली, ती परभणीपर्यंत ऐकू गेली असणार. गुरुजी पहिल्या पंगतीत होते. साडू येईल त्याला कोपर दाखवत होते. मीही अभिमानाने दाखवलं.

पाठवणीच्या वेळी मात्र त्यांचा आवाज गेला. जीपजवळ उभे राहून ते रडले, आणि भरपूर रडले. थोड्या वेळाने बघतो तर दोन्ही गालांवर डोळ्यांपासून मिशांपर्यंत लाल चट्टे उठलेले. जगातल्या सगळ्या वस्तू त्यांनी कोपरावर तपासल्या होत्या, पण स्वतःचे अश्रू तपासायचे राहून गेले होते. मंगल जीपमधून खाली उतरली. कनवटीची पांढरी डबी काढली, जी त्यांनी सकाळी तिला दिली होती आणि जिची तिला गरज पडली नव्हती. तळाशी राहिलेलं ते बोटभर क्रीम तिने बापाच्या दोन्ही गालांना सावकाश लावलं.

"अगं, आधी कोपराला," साडू पुटपुटले.

"राहू द्या बाबा," ती म्हणाली.

आता साडू निवृत्त झालेत. ट्रंकेत परत लुगडी गेली. ती डबी तेवढी देवळीत असते, रिकामी. मंगल दिवाळीला आली आणि परत गेली की चार दिवस त्यांचे गाल लाल असतात. अक्का कोंडा भिजवून देते. ते म्हणतात, राहू दे, बसंल आपोआप.