मोगऱ्याच्या पिकअपला अत्तर

"हुंग! हुंग म्हणते ना मी!"

मंगलबाईने कळ्यांची पिशवी माझ्या नाकाला लावली होती. मी मागे सरकत होतो. मागे ग्राइंडर होता, त्यामुळे फार सरकता येईना.

"मोगराच आहे की बाई," मी म्हणालो.

"मोगरा हाय? मग त्याच्यावर हा दुसरा वास कुणाचा? माझ्या सासूचा?"

जव्हारच्या स्टँडमागे माझं दुकान आहे. समोर चहाची टपरी. टपरीवरची माणसं ग्लास हातात घेऊन उठून उभी राहिली. स्टँडवर गाड्या पुकारणारी बाईसुद्धा दोन मिनिटं थांबली, असं मला वाटलं. मंगलबाईचा आवाजच तसा. तिच्या गावच्या, दाभोशाच्या नदीवर ती एका काठावर बोलली, तर दुसऱ्या काठावरची गुरं घरी निघतात.

तिच्यामागे देवराम उभा होता. खाली मान घालून. त्याच्यामागे त्याची पिकअप. मी सजवलेली. चार दिवसांपूर्वी ती माझ्या दुकानातून निघाली तेव्हा मी स्वतःच तिला नमस्कार केला होता. आता तिच्याकडे बघवत नव्हतं.

माझा धंदा आधी सांगतो. कंपनीतून पिकअप येते ती नुसती हाडं. तिला कपडे, दागिने आणि चपला आम्ही घालतो. सीट कव्हर, मडफ्लॅप, काचेवरचा व्हायझर, रेडियमची अक्षरं, हौद्याला पाइपचा सांगाडा, वर ताडपत्री. हौदा म्हणजे मागची माल भरायची जागा. त्याचं मागचं खाली पडणारं दार म्हणजे फाळका. एवढे दोन शब्द लक्षात ठेवा, बाकी सगळं मी समजावतो. बावीस वर्षं करतोय. माझं वेल्डिंग असं असतं की गाडी दरीत गेली तरी माझा सांगाडा रस्त्यावर उभा राहील. खोटं वाटत असेल तर एखादी गाडी दरीत घालून बघा.

तर या तालुक्यात बावीस वर्षं माझंच नाव होतं. मग मोखाड्यात दिनू आला.

दिनू भिवंडीला बॉडी बिल्डिंगच्या कारखान्यात होता. परत आला, मोखाड्यात शेड टाकली, आणि सहा महिन्यांत माझ्या दुकानात बसून माझाच चहा पीत लोक त्याचं नाव घ्यायला लागले. "दिनूने पायरी काय केलीय!" "दिनूचा हुक बघितला का मिस्त्री?" हुक! दोरी बांधायचा हुक. त्यात बघण्यासारखं काय असतं? मी जळत होतो. किती जळत होतो म्हणाल, तर माझ्या अंगाला वेल्डिंगचा रॉड टेकवला असता तर विजेशिवाय ठिणगी पडली असती. लाइट बिल वाचलं असतं.

अशात देवराम आला.

देवराम दाभोशाचा. नऊ वर्षं भिवंडीच्या गोदामात दुसऱ्याची गाडी चालवली. घरी दिवाळीला आणि शिमग्याला. पोरगी त्याला बघून दाराआड लपायची, पाहुणा समजून. यंदा त्याने जुनी पिकअप घेतली होती. दाभोशाच्या बायकांनी नदीच्या पाण्यावर मोगरा लावलाय. पहाटे कळी खुडायची, सकाळी गाडी निघायची, दुपारच्या आत दादरच्या बाजारात. कळी वाटेत उमलली की तिची किंमत गेली. बायकांच्या गटाची प्रमुख मंगलबाई. तिला अख्ख्या सीझनसाठी एक गाडी ठरवायची होती. दोघे उमेदवार. एक देवराम, दुसरा सूर्यमाळचा काशिनाथ. दोघांनी एकेक खेप मारून दाखवायची, मग बायका ठरवणार.

"सीझन मिळाला तर मी घरी," देवराम म्हणाला. "नाय मिळाला तर परत गोदाम."

त्याने तीनच गोष्टी मागितल्या. बायकांना क्रेट चढवायला फाळक्याला पायरी. क्रेट एकावर एक दबू नयेत म्हणून दोन मजली रॅक. आणि वर सावली, पण वारा खेळता.

"काशिनाथची गाडी कोण करतोय?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"दिनू."

झालं. तिथून पुढे देवरामची गाडी देवरामची राहिली नाही.

तो म्हणाला, "बाकी तुम्ही बघा काय ते." हे वाक्य माझ्यासारख्या माणसाला कधी बोलू नये. मी व्हायझर लावला. निळी एलईडी पट्टी लावली. चाकांवर स्टीलच्या वाट्या. आरशांना गोंडे. हॉर्न असा बसवला की जव्हारात वाजवला तर विक्रमगडचा माणूस रस्त्याच्या कडेला होईल. वरच्या सावलीला साधी ताडपत्री लावायची सोडून चकचकीत मरून रेक्झिन ताणलं, बाजूने चेन लावून बंद. वारा? वारा मी विसरलो. रेक्झिन दिसत काय होतं! रॅक केला दोन मजली. त्याखाली प्लायवूडची जमीन, तिला पॉलिश. पायरी पण केली, चांगली रुंद, वर चेकर प्लेट, म्हणजे पाय घसरू नये म्हणून उठावाची नक्षी असलेला पत्रा. उंची माझ्या अंदाजाने. माझा अंदाज चुकत नाही, अशी माझी समजूत होती.

एवढ्यात मोखाड्याहून आलेला एक ड्रायव्हर म्हणाला, "दिनूने काशिनाथच्या केबिनमध्ये वासाची छोटी बाटली टांगलीय. मस्त वाटतं."

छोटी बाटली! मी जेलचे डबे आणले. गाडीत ठेवायचे, सुगंधी. चार. चारही मोगऱ्याचे, कारण गाडी मोगऱ्याची. केबिनमध्ये नाही, हौद्यात, रॅकखाली, स्क्रूने घट्ट पक्के. देवरामला सांगितलंसुद्धा नाही. सरप्राइज.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. मी ओळखलं नव्हतं. बंद रेक्झिन, वर ऊन, आत चार डबे. विक्रमगड यायच्या आत जेल पातळ झालं आणि प्लायवूडमध्ये मुरलं. दादरच्या व्यापाऱ्याने पिशवी उघडली, नाक घातलं आणि म्हणाला, "शिळ्या कळ्यांवर अत्तर मारून आणलंत? मला काल धंद्यात आलेला समजता?" सगळा माल परत. पहाटे चारला खुडलेल्या ताज्या कळ्या, आणि वर चोरीचा आळ. दहा बायकांच्या एका दिवसाची खुडणी गेली.

"मंगलबाय, मला म्हायती नव्हतं," देवराम म्हणाला.

मला बोलायला हवं होतं. टपरीवरची माणसं बघत होती आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं: हे संध्याकाळपर्यंत मोखाड्याला पोचणार. दिनू हसणार.

मग मंगलबाईने रॅकखाली हात घातला आणि एक रिकामा डबा उपटून काढला. स्क्रूसकट. बाईच्या हातात काय जोर! तिने तो माझ्यासमोर धरला. "हे कुणी घातलंन?"

"मी," मी म्हणालो. "देवरामला ठाऊक नव्हतं."

तिने माझ्याकडे बघितलं, मग देवरामकडे. "सोमवारी परत दोन्ही गाड्या उभ्या करा. एका खेपेवर माणूस वाया घालवायचा नाय. पण वास आला तर मिस्त्री, ह्या पायरीवर मी तुला उभा करीन आन् सगळ्या गावाला हुंगायला लावीन. आन् पायरीचं बघ. माझी सासू चढता चढता अर्धी लटकली."

चार दिवस. मी रेक्झिन काढून बाजूंनी उघडी साधी ताडपत्री टाकली; गोंडे, वाट्या, निळी पट्टीही उतरवली. हौदा सोड्याने धुतला. राखेने घासला. लिंबं चोळली. उन्हात वाळवला. वास जाईना. उलट आता मोगरा, सोडा आणि लिंबाचं सरबत असा वास यायला लागला. शेवटी अख्खं प्लायवूड उपटून फेकलं आणि ॲल्युमिनियमची जमीन टाकली. धातूत काही मुरत नाही. हे मला पहिल्या दिवशीच ठाऊक होतं, पण प्लायवूड पॉलिशला जास्त चमकतं ना.

पायरी राहिली. आणि इथे मी एक गोष्ट केली ती कुणाला सांगितली नव्हती. डोक्याला टॉवेल गुंडाळला, अर्धं तोंड झाकलं आणि एसटीने मोखाड्याला गेलो. दिनूच्या शेडबाहेर काशिनाथची पिकअप उभी होती. मी चपलेचा अंगठा सरळ करायला वाकलो आणि फाळक्याजवळ वीत टेकवून मोजायला लागलो. एक वीत. दोन.

"या मिस्त्री," आतून आवाज आला. "वितीने कशाला? टेप देतो."

दिनू. अंगाने काडी, कानावर पेन्सिल. मी टॉवेल सोडला. काय करणार? त्याने खरंच टेप दिला. चहा मागवला. सगळं दाखवलं. त्याची पायरी दोन टप्प्यांची. खालचा टप्पा बिजागरीवर, चालताना वर उचलून खिळीने अडकवायचा, म्हणजे खड्ड्यात घासत नाही. सावलीला गोणपाट, सकाळी पाणी मारायचं, दोन्ही बाजू उघड्या. चमक एका ठिकाणी नाही. त्याने काहीतरी लपवलं असतं तर मला बरं वाटलं असतं. शिव्या तरी देता आल्या असत्या.

"ही उंची कुठल्या हिशोबाने?" मी विचारलं.

"हिशोब नाय. म्हाताऱ्या बाईला समोर उभं केलं. तिचा पाय जिथवर सहज उचलला जातो तिथं खूण मारली."

मी अर्धा चहा तसाच टाकून निघालो. एसटीत बसल्यावर जिभेवर चहाची चव होती. चहाही चांगला होता मेल्याचा.

दुसऱ्या दिवशी देवरामची पिकअप घेऊन दाभोशाला गेलो. खडू घेऊन. मंगलबाईच्या सासूला फाळक्यासमोर उभं केलं.

"काय करतोस रं?" म्हातारीने विचारलं.

"पाय उचला, आजी."

"कशाला? मला कुठं जायचंय?"

"कुठं नाही. नुसता उचला."

तिने उचलला. मी खूण मारली. माझ्या आधीच्या अंदाजापेक्षा तब्बल वीतभर खाली. बावीस वर्षं मी पायऱ्या माझ्या स्वतःच्या गुडघ्याने केल्या होत्या. आणि मी तुम्हाला सांगितलं नाही, मी सहा फूट आहे.

पायरी दिनूसारखीच केली. नक्कल केली, लिहून टाकतो. पण नक्कल करून सोडली तर रात्रीची झोप कशी येईल? म्हणून फाळक्याच्या कडेला एक उभा दांडा जोडला, धरून चढायला, आणि त्याला जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळलं. उन्हात लोखंड तापतं, रबर हाताला चटका देत नाही. हे दिनूकडे नव्हतं. हे माझं.

सोमवारी दोन्ही पिकअप शेजारी उभ्या राहिल्या. दिनूही आला होता. बायका दोन्हीकडे चढल्या, उतरल्या, क्रेट ठेवून बघितले. मंगलबाईने देवरामच्या हौद्यात नाक घातलं. बराच वेळ तसंच ठेवलं. माझा जीव तेवढा वेळ कुठे होता कुणास ठाऊक. ती बाहेर आली आणि तिने सासूला पायरीकडे बोलावलं. म्हातारी माझा दांडा धरून चढली आणि धरूनच राहिली. मी दिनूकडे बघितलं. तो दांड्याकडे बघत होता. त्या एका नजरेवर मी आठ दिवस जेवलो.

दोन्ही गाड्या दादरला जाऊन आल्या. दोन्हींचा माल गेला. संध्याकाळी बायका बसल्या आणि सीझन देवरामला मिळाला. देवराम सरळ उठला. घरी गेला. गाडी अंगणात लावली आणि पोरीला हौद्यात बसवून पाड्यावर तीन फेऱ्या मारल्या. हॉर्न वाजवत. तेवढा एक हॉर्न मी काढला नव्हता.

तेव्हापासून दुकानात पिकअप आली की मी आधी एकच विचारतो, माल काय भरणार आणि चढवणार कोण. चमक नंतर. गिऱ्हाइकाला वाटतं मी फार विचारी माणूस आहे. वाटू दे.

पण तेव्हा मला एक ऐकायचं होतंच. दुसऱ्या आठवड्यात मुद्दाम दाभोशाला गेलो. मंगलबाई कळ्या निवडत होती. दिनूच्या शेडपर्यंत पोचेल एवढ्या आवाजात विचारलं, "मंगलबाई, खरं सांगा. दोन्ही गाड्या चांगल्या. मग शेवटी देवरामचीच का? दांड्यामुळे ना?"

तिने मान वर न करता सांगितलं, "उद्या किती क्रेट ते कळवायला रोज फोन लावायला लागतो. काशिनाथच्या सूर्यमाळला रेंज नाय."