यायच्या आधीच पाळलेला कायदा

माझी ताई सिंधू आणि तिचा नवरा विजयकुमार गेली सव्वीस वर्षं नागोयात राहतात. विजयकुमारना मी दाजी म्हणते, तोंडावर आदराने आणि पाठीमागे जरा वेगळ्या सुरात. हा माणूस रिकाम्या रस्त्यावर लाल सिग्नलला उभा राहतो. तुम्ही म्हणाल, जपानमध्ये सगळेच उभे राहतात. पण दाजी हिरवा लागल्यावरही कधीकधी निघत नाहीत, कारण आपण पोचेपर्यंत तो निम्मा संपलेला असतो आणि मध्येच लुकलुकायला लागला तर काय करायचं? मग पुढच्या हिरव्यापर्यंत आम्ही दोघी बहिणी त्यांच्यामागे थंडीत उभ्या.

मीही जपानमध्येच, पण लांब इचिकावात राहते आणि तोयोसुतल्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर तपासते. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. सुट्टीला नागोयाला गेले की तेच काम फुकट चालू राहतं. एकदा मी त्यांच्याकडे पाण्याची बाटली झाकणासकट कचऱ्यात टाकली. सकाळी सात वाजता दाजी ती बाटली हातात घेऊन माझ्या अंथरुणाशी उभे. "चैत्राली, झाकण वेगळं असतं. आणि वरचा कागदही." रागावले असते तर मी भांडले तरी असते. पण ते दिलगिरीच्या सुरात बोलत होते, जणू बाटलीची माफी मागायला आले होते.

अशा माणसाच्या घरात बंदूक आहे, हे मी ऑफिसात सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. तीही शिकारीची. आणि हा गृहस्थ जन्माचा शाकाहारी, सांगलीच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य असलेला. झालं असं की त्यांच्या कारखान्यातले जुने फोरमन हत्तोरी-सान निवृत्त होऊन आपल्या गावी परतले. गाव नागोयापासून दोन तासांवर, डोंगरात. तिथे रानडुकरं आणि हरणं रताळी आणि भात फस्त करतात. त्यांना आवरणाऱ्या शिकाऱ्यांच्या टोळीतला सगळ्यात तरुण माणूस अडुसष्ट वर्षांचा. हत्तोरी-सान दाजींना म्हणाले, "विजय-सान, तुमची नजर चांगली आहे." बस्स, एवढ्यावर हा माणूस विरघळला. सव्वीस वर्षांत ताईने त्यांची इतकी स्तुती केली असती तर निदान पडदे तरी तिच्या आवडीचे लागले असते.

परवान्यासाठी त्यांनी जे केलं ते ऐकून मी वर्षभर हसत होते. लेखी परीक्षा, डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरचा दाखला, भिंतीला ठोकलेलं कुलूपबंद कपाट, गोळ्यांसाठी दुसरं कपाट. मग पोलीस घरी आला. वरच्या आणि खालच्या मजल्यावर विचारपूस करून गेला, आणि ताईला स्वयंपाकघरात एकटीला गाठून विचारलं, नवरा पितो का, ओरडतो का, वस्तू फेकतो का. ताई म्हणाली, "प्लास्टिकच्या पिशव्यांच्या त्रिकोणी घड्या घालतो." पोलिसाने ते लिहून घेतलं.

तर २०१९ साली परवाना मिळाला आणि बंदूक आली. सेमी-ऑटोमॅटिक. एकदा चाप ओढला की पुढची गोळी आपोआप जागेवर येते. पण तिच्या पोटात दोनच गोळ्या मावाव्यात म्हणून आत खुंटी कायमची बसवलेली. खरी गंमत नळीत होती. तिच्या आत निम्म्या लांबीपर्यंत पिळाचे आटे होते. त्या आट्यांमुळे गोळी फिरत जाते आणि शंभर मीटरवरही नेमकी लागते. गुळगुळीत नळीची पन्नासच्या पुढे खात्री नाही. पूर्ण नळीभर आटे असलेली रायफल हवी तर साध्या बंदुकीचा परवाना आधी दहा वर्षं सांभाळावा लागतो. हे अर्धे आटे मात्र तेव्हा नवख्यालाही चालत होते.

गावात टोळीची एक झोपडी आहे. तिच्या भिंतीवर डोंगराचा हाताने काढलेला नकाशा आणि नकाशावर खिळे. प्रत्येकाच्या नावाची लाकडी पाटी असते. रविवारी सकाळी हत्तोरी-सान एकेक पाटी खिळ्यावर अडकवतात. काही जण कुत्रे घेऊन खालून हाकारे घालतात, बाकीचे आपापल्या जागी दबा धरून उभे राहतात. सगळ्यात मानाची जागा वरची खिंड. तिथून ओढ्यापलीकडचा उतार दिसतो, शंभर मीटरवरचा. हाकाऱ्यातून सुटलेलं जनावर तिकडूनच पळतं. म्हाताऱ्यांची नजर तिथवर पोचत नव्हती, त्यांच्या जुन्या बंदुकाही पोचत नव्हत्या. २०२२पासून वरच्या खिंडीच्या खिळ्यावर दाजींची पाटी लागू लागली.

कारखान्यात बढती मिळाली तेव्हा त्यांनी मला कळवलं नव्हतं. पाटीचं मात्र फोन करून सांगितलं. फोनवर ताईचा फोटो होता तो काढून पाटीचा लावला. वाट्याचं डुकराचं मांस ताई फ्रीजमध्ये ठेवू देत नाही, म्हणून दर रविवारी संध्याकाळी दाजी इमारतीत दारोदार ते वाटत हिंडायचे आणि बदल्यात मुळे आणि संत्री घेऊन यायचे. इतका खूश माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि खूश माणूस समोर दिसला की माझी जीभ शिवशिवते, हा माझा जुना रोग आहे.

२०२४च्या फेब्रुवारीत बातमी आली. त्याआधी कुठेतरी अशाच बंदुकीने माणसं मारली गेली होती, त्यामुळे सरकार कायदा बदलणार होतं. अर्ध्या आट्यांच्या बंदुकीलाही आता रायफलचाच नियम, म्हणजे दहा वर्षं. मी ऑफिसात जेवता जेवता बातमीचा स्क्रीनशॉट काढला आणि आम्हा तिघांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "दाजी, आता परदेशी म्हणून सूट मागत फिरा." पुढे एक हसरा चेहरा. दाजींचं उत्तर आलं, "माहितीबद्दल आभार." मी ते बाजूच्या टेबलावरच्या पोरींना दाखवलं आणि आम्ही हसलो.

त्यानंतर दाजींनी जे केलं त्याला माझ्याकडे एकच शब्द आहे, मूर्खपणा. कायदा अजून संसदेत होता. मंजूर व्हायचा होता, लागू व्हायला तर वर्ष होतं. पण दाजी गुडघ्याला बाशिंग बांधून बंदुकीच्या दुकानात हजर. ही नळी काढा, गुळगुळीत बसवा. दुकानदार म्हणाला, थांबा. हत्तोरी-सान म्हणाले, थांबा, घाई कसली. ताई म्हणाली, "अहो, कायदा येऊ तर द्या." दाजींनी पोलिसांकडे रीतसर अर्ज केला, परवानगी घेतली, नळी बदलली. जुनी नळी दुकानदाराने कापून तिचे चार तुकडे केले. तुकड्यांचा तारखेसकट फोटो फाइलमध्ये लावला. ती फाइल त्यांनी मला दाखवली, रंगीत चिकटपट्ट्या लावलेली.

"दाजी, तुम्हाला कुणी विचारलं होतं?" मी म्हटलं.

"विचारायची वेळ का आणायची?" ते म्हणाले.

हे आपल्या लोकांचं मला चांगलं ठाऊक आहे. कुणी वाकायला सांगायच्या आत लोटांगण घालायचं आणि वर त्याला शिस्त म्हणायचं. ऑफिसात आमचे पुण्याचे इंजिनिअर वरिष्ठांनी चूक दाखवण्याआधीच माफीची मेल लिहून तयार ठेवतात. पण ते निदान मेल लिहितात, स्वतःच्या बंदुकीची नळी कापत नाहीत.

पुढच्या जानेवारीत मी ताईबरोबर त्या गावाला गेले. शिकार संपली की झोपडीत मोठ्या पातेल्यात सूप असतं, आमच्यासाठी वेगळं भाज्यांचं. आम्ही दोघी गाजरं चिरत होतो आणि कोपऱ्यात वायरलेस खरखरत होता. दाजींची पाटी वरच्या खिंडीवरच होती. नळी बदलल्याचं हत्तोरी-साननी ऐकलं होतं, पण पाटी हलवली नव्हती. त्या दिवशी एक मोठा डुक्कर उठला होता. हत्तोरी-सानच्या बहिणीचं रताळ्याचं शेत त्यानेच दोनदा उकरलं होतं. दहाच्या सुमाराला हत्तोरी-सानचा आवाज आला.

"विजय-सान, पलीकडच्या उतारावर. दिसतोय?"

"दिसतोय."

"थांबलाय?"

"थांबलाय."

"लागेल?"

ताईचा सुरीवरचा हात थांबला.  मग दाजी म्हणाले, "नाही."

दुसऱ्या कुणी दोन्ही गोळ्या झाडल्या असत्या, निदान नाव तरी राहिलं असतं. पण पन्नास मीटरच्या पुढे खात्री नाही म्हणजे दाजी चाप ओढणार नाहीत. डुक्कर उतारावर उभा राहिला, वळला आणि आला त्याच वाटेने खाली गेला. खाली हत्तोरी-सानचा कुत्रा शिरो होता. त्याचं केकाटणं आम्हाला वायरलेसशिवाय ऐकू आलं.

शिरो वाचला. मांडीला चौदा टाके पडले आणि तो लंगडा झाला.  पुढच्या रविवारी पाट्या लावताना हत्तोरी-सान म्हणाले, "विजय-सान, वर फार थंडी असते, त्रास होत असेल." आणि दाजींची पाटी खालच्या हाकाऱ्यांच्या खिळ्यावर अडकवली. वरची खिंड रिकामी राहिली. हे सांगताना ताई फोनवर रडली. मी म्हटलं, "स्वतःच्या हाताने केलंय, भोगा म्हणावं." तेव्हा मला तसंच वाटत होतं.

एप्रिलमध्ये बंदुकांची वार्षिक तपासणी असते. प्रत्येकाने आपली बंदूक पोलीस ठाण्यात न्यायची आणि त्यांनी पट्टीने मोजून कागदांशी ताडायची. मी तेव्हा चेरीचा बहर बघायला नागोयात होते. बहर ओसरला होता, म्हणून तमाशा बघायला दाजींबरोबर गेले. एका सभागृहात लांब टेबलं मांडली होती. पोलिसाने नळी मोजली, आत बॅटरी मारून पाहिली, कागद उलटले आणि थांबला.

"नळी बदललीत? ज्यांच्याकडे आधीपासून अशी बंदूक होती त्यांना काही करायची गरज नव्हती. त्यांचा परवाना तसाच चालू आहे."

दाजी मान लववून म्हणाले, "हो. परत तशी नळी बसवायची असेल तर?"

पोलिसाने पुस्तिका काढली, पानं चाळली, बाजूच्या साहेबाला विचारून आला. त्यालाच अवघडल्यासारखं झालं होतं. "तो आता नवा अर्ज धरला जाईल. नव्याला दहा वर्षं. तुमची सहा झालीत."

म्हणजे दाजी हात न लावता बसले असते तर या कायद्याने त्यांच्या केसालाही धक्का लावला नसता. त्यांनी तो यायच्या आधीच पाळला, म्हणून टोळीतल्या सगळ्यांत तो त्यांनाच लागला. आणखी चार वर्षं. हत्तोरी-सान एकोणऐंशीचे आहेत. चार वर्षांनी पाट्या लावायला कोण असेल, हा हिशेब दाजींनीही तिथल्या तिथे केला असणार, कारण बंदूक पिशवीत घालताना त्यांना चेन सापडेना.

गाडीत मी तोंड उघडलं. "दाजी, बातमी शेवटपर्यंत वाचायची तरी."

हे बोलले आणि माझीच जीभ अडखळली. कारण त्या बातमीचा शेवटचा परिच्छेद मी स्क्रीनशॉटमध्ये घेतला नव्हता. आधीच्या धारकांना धक्का नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. तो घेतला असता तर टोमणा बसला नसता. दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरणाऱ्या बाईने हे केलं होतं. वर्षभर मी हे कुणाला सांगितलं नव्हतं, ताईलाही नाही. पुढच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी दाजींना सांगितलं. मला लाज वाटली, आणि ती वाटल्याचा रागही आला.

"मी पूर्ण वाचली होती," दाजी म्हणाले. "त्याच दिवशी. जपानीत."

"मग?"

"ती सूट होती ना." ते समोर सिग्नलकडे बघत होते. "तू लिहिलं होतंस, परदेशी म्हणून सूट मागत फिरा. मी म्हटलं, सव्वीस वर्षांत इथे कशाची सूट घेतली नाही. ही कशाला घ्या."

"दाजी, ती सगळ्यांनाच होती. जपानी माणसांनासुद्धा."

"हो. पण त्यांना ती सूट वाटत नाही."

हिरवा लागला. दाजी निघाले, नेहमीसारखे दोन्हीकडे बघून. मूर्ख म्हणायला माझ्या तोंडात शब्द तयार होता आणि तो मी गिळला. त्यांच्यासाठी नाही, त्यावर पहिला हक्क माझा होता म्हणून.

आता रविवारी ते खालून हाकारे घालतात, लंगड्या शिरोच्या जागी आलेल्या नव्या कुत्र्याबरोबर. फोनवर अजून तोच फोटो आहे, वरच्या खिंडीच्या खिळ्यावरच्या पाटीचा. आमच्या ग्रुपवर वर सरकत गेलं की माझा तो अर्धा स्क्रीनशॉट सापडतो. मी तो पुसायला एकदा बोट ठेवलं होतं, पण पुसला नाही. त्याच्या खाली माझा हसरा चेहरा आहे आणि त्याच्या खाली दाजींचं उत्तर, "माहितीबद्दल आभार."