डाव्या हातातली पाटली

सन १९९५, भाऊबीज. ओवाळणीच्या ताटात मी पाचशे एक रुपये घातले. सानपाड्याच्या आमच्या घरात तेव्हा तिघे हजर होतो : मी, माझी पत्नी आणि माझी थोरली बहीण.

आईने जाताना आपल्या पाटल्यांची जोडी वाटून दिली होती. एक ताईला, एक माझ्या पत्नीला. ताईच्या मुलीचं लग्न ठरलं की ताईने आपली न्यायची, तोवर जोड मोडायची नाही, असं सर्वांच्या मते ठरलं आणि दोन्ही पाटल्या पत्नीच्या हातात राहिल्या. डावी कोणाची आणि उजवी कोणाची, हे मात्र कोणी ठरवलं नव्हतं.

ओवाळून झाल्यावर पत्नी दाराबाहेरच्या पणतीत तेल घालायला गेली. लादीवर आधीच तेल सांडलं होतं. पाय सटकला आणि सगळा भार डाव्या मनगटावर आला. हाड मोडलंय हे बघताक्षणी कळत होतं. थोड्याच वेळात सूज इतकी चढली की पाटली मांसात रुतली.

ताई आत धावली. मला वाटलं, पाणी आणायला गेली. ती साबण घेऊन आली आणि मोडक्या हातावरून पाटली ओढू लागली. पत्नी किंचाळली तेव्हा मी ताईचा हात धरून बाजूला केला.

"अरे, आत्ता निघाली तर निघाली," ताई म्हणाली. "दवाखान्यात कापतील ना!"

सणामुळे जवळचे दवाखाने बंद होते. शेवटी वाशीत एक हाडांचं नर्सिंग होम उघडं मिळालं. डॉक्टर मांडीवर प्लेट घेऊन चकली खात होते. त्यांनी पत्नीची बोटं दाबून पाहिली. बोटं जांभळी आणि गार पडली होती.

"ही आधी कापायला लागेल. रक्त अडलंय, नस पण दबतेय. उशीर केला तर बोटं कामातून जातील."

"कापा," मी म्हणालो.

"थांबा हो डॉक्टर," ताई म्हणाली. "ती एकटी हिची नाही. त्यात माझाही वाटा आहे."

डॉक्टरांनी हात आखडता घेतला. "मग आधी मालक कोण ते ठरवा आणि लिहून द्या. मागे एकांनी वजन कमी भरलं म्हणून इथे पोलीस आणले होते. मला ते टेन्शन नको."

"मी लिहून देतो. जे कमी भरेल ते मी भरीन."

"तुमची सही काय कामाची? वाटा या बाई सांगतायत, त्यांची पाहिजे."

"मी सही करणार नाही," ताई म्हणाली. "आईची शेवटची वस्तू आहे. सूज उतरेपर्यंत थांबलं तर काय बिघडतं? बर्फ लावा."

डॉक्टर पुन्हा चकलीकडे वळले. हाडात घालायची तार कापायचा कटर त्यांच्या मागच्या ट्रेमध्ये पडला होता. मी ताईला विनवलं, डॉक्टरांवर ओरडलो, पुन्हा ताईला विनवलं. यात अर्धा तास गेला. पत्नी बाकावर बसून आपल्या बोटांकडे बघत होती.

मग तीच बोलली. "वन्सं, ही माझी. माझ्या वाट्याची. डॉक्टर, लिहा तसं."

"बघ हं. नंतर म्हणू नकोस," ताई म्हणाली. "मग उजवी माझी."

पत्नीने उजव्या हाताने कशीबशी सही केली. त्या हातावर सूज नव्हती. पेन खाली ठेवताच ताईने तो हात आपल्या मांडीवर घेतला, पाटली हळूहळू फिरवत काढली, रुमालात गुंडाळली आणि पर्समध्ये टाकली. तिकडे डावी पाटली कट्‌कन तुटली.

प्लास्टर सहा आठवडे राहिलं. बिलात "दागिना कापणे, दीडशे रुपये" असं वेगळं लिहिलं होतं. हाड जुळलं, पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर राहिली. दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की नस जास्त वेळ दाबली गेली, आता जेवढी येईल तेवढी जाणीव येईल. पुढे ती फारशी आली नाही. पत्नी बटण लावताना आजही बघून लावते.

प्लास्टर निघाल्यावर ताई घरी आली. हाताची चौकशी तिने दारातच उरकली. सोनाराकडे आपल्या पाटलीचं वजन करून आली होती. कापलेल्या पाटलीचं वजन मी आधीच तिला फोनवर सांगितलं होतं, ती चूक माझीच. उजवी डावीपेक्षा चांगली एक ग्रॅम दोनशे मिलिग्रॅम हलकी निघाली, असं तिने दोनदा सांगितलं. त्याचा निम्मा फरक तिला हवा होता.

"मी जास्त मागत नाही. हिशोब म्हणजे हिशोब," ती म्हणाली.

पत्नी कपाटातून पैसे घेऊन आली आणि मोजू लागली. डाव्या अंगठ्याला नोट जाणवेना, दोन नोटा एकदम सरकल्या. मी तिच्या हातातून त्या घेतल्या आणि मोजल्या.

त्या दिवसाच्या भावाने दोनशे ब्याऐंशी रुपये झाले. सुटे नव्हते म्हणून मी ताईला दोनशे पंच्याऐंशी दिले. तिने पर्स उघडून तीन रुपये परत केले.