खिडकीताईंचे हात

डोळ्यांच्या त्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीमागं ज्या बाई बसायच्या, त्यांना सगळे खिडकीताई म्हणायचे. मी तिथले कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. म्हणजे मशीन बंद पडलं की ज्याची सगळे चातकासारखी वाट बघतात आणि तो आल्यावर त्याच्यावरच खेकसतात, तो. ताईंची हकिगत सांगायला माझ्याइतका नालायक माणूस शोधून सापडायचा नाही. पण ती अथपासून इतिपर्यंत फक्त मलाच माहीत आहे, आणि का माहीत आहे तेही आता सांगतो.

ताईंच्या तळहातांना घाम यायचा. उन्हाळा असो की थंडी, डोक्यावर पंखा असो की नसो. शाळेत वहीवरची शाई पसरायची म्हणून बाईंनी हाताखाली टीपकागद ठेवायला लावला होता. फेर धरून खेळायची वेळ आली की शेजारच्या मुली हात धरायच्या नाहीत, फ्रॉकची बाही धरायच्या. टायपिंगच्या परीक्षेत परीक्षकानं त्यांचा कागद उचलला तर कोपरे दमट. "रडत होतीस का गं?" त्यानं विचारलं. त्या परीक्षेत ताई पहिल्या आल्या होत्या. "नवरा काय म्हणतो माहितेय?" ताई मला सांगायच्या. "म्हणतो, हिचा हात धरला की कूलर लावायची गरज नाही." हे सगळं त्या हसून सांगायच्या, पण सांगताना हात टेबलाखाली असायचे. ते मला तेव्हा दिसत होतं, कळत नव्हतं.

दवाखान्यात मात्र त्या हातांची वेगळीच पत होती. ऑपरेशन झालेले, डोळ्यांवर पट्टी बांधलेले लोक आतून बाहेर आले की ताई खिडकीतून उठायच्या, त्यांचा हात धरायच्या आणि बाकापर्यंत आणून बसवायच्या. हे काम त्यांचं नव्हतं, कुणी सांगितलंही नव्हतं. पण म्हाताऱ्या माणसांना तो हात ओळखीचा झाला होता. ओला गारवा लागला की, "आल्या का ताई?" म्हणून चेहरा सैल पडायचा. मग ताई खिडकीत परतायच्या, नॅपकिनला हात पुसायच्या आणि पुढच्याचं नाव असं टाइप करायच्या की त्याचं आडनाव सांगून व्हायच्या आत कागद छापून बाहेर.

एका सोमवारी सकाळी फोन आला. "अरे, लवकर ये बाबा. मशीन चालू होतंय, पण पासवर्डापाशी येऊन अडलंय. कीबोर्ड चालत नाही, माउस चालत नाही. बाहेर साठ माणसं उभी आहेत."

मी गेलो. ताई हातानं वहीत नावं लिहीत होत्या. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. सुरुवातीला कीबोर्डावरचा हिरवा दिवा लागला, मी एक बटण दाबून आतल्या सेटिंगच्या निळ्या पडद्यावरही जाऊन आलो. म्हणजे कीबोर्ड ठणठणीत होता. मग लॉगिनचा पडदा आला आणि दिवा गेला. माउसचाही गेला. दोन्ही एकाच क्षणी.

कुठल्याही शिकाऊ माणसानं इथं थांबून विचार केला असता. घामाला काय कळतं, लॉगिन कुठं आहे ते? पण बाहेर रांग, मागं दवाखान्याचे मालक, ज्यांना आम्ही मोठे डॉक्टर म्हणायचो, ते घड्याळ बघत उभे, आणि माझ्या तोंडाला कुलूप नाही. कीबोर्ड उलटा करून मी म्हणालो, "ताई, हा ओलसर लागतोय. तुमचा घाम उतरलाय आत."

रांगेतले दोघं-तिघं हसले. ताईंनी हात मांडीवर घेतले.

नवा कीबोर्ड जोडला, तोही लॉगिनला मेला. नवा माउस, तीच गत. तेव्हा तरी शुद्धीवर यायचं! पण एकदा घोड्यावर बसल्यावर उतरायची लाज वाटते. "आतल्या बोर्डापर्यंत पोचलेलं दिसतंय," असं ठोकून दिलं आणि मशीनचा डबा उचलून माझ्या दुकानात नेला.

दुकानात माझ्याकडे गोल पिनेचा एक जुनाट कीबोर्ड होता. तो जोडला आणि पासवर्ड टाकला. सुतासारखं सरळ आत गेलं. मी खुर्चीत मागं टेकलो, आणि मग मला शनिवारची संध्याकाळ आठवली.

शनिवारी संध्याकाळी, सगळे घरी गेल्यावर, मीच तिथं एक कुलूप घातलं होतं. कुणीतरी पेन ड्राइव्ह लावून व्हायरस आणला होता, म्हणून मोठ्या डॉक्टरांचं फर्मान होतं की यापुढे पेन ड्राइव्ह चालता कामा नये. त्यासाठीचा प्रोग्राम मी सगळ्या मशीनवर टाकला. त्यात दोन चौकटी होत्या. एक फक्त पेन ड्राइव्ह अडवणारी, दुसरी यूएसबीच्या त्या चपट्या खाचेत खुपसलेलं काहीही अडवणारी. मला घरी जायची घाई होती. मी दुसरीवर खूण केली. बाकीची मशीन जुनी, त्यांचे कीबोर्ड गोल पिनेचे, म्हणून वाचली. चपट्या पिनेचा नवा कोरा कीबोर्ड आणि माउस एकट्या ताईंकडे होता. मशीन पुन्हा चालू होऊन लॉगिनपाशी आलं की माझा प्रोग्राम जागा व्हायचा आणि दोघांचा गळा दाबायचा.

खूण काढली. दहा सेकंदांचं काम.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेलो तेव्हा खरं सांगायचं असं रस्ताभर घोकत होतो. मशीन लावलं, चाललं, लोकांनी हुश्श केलं. तेवढ्यात मोठे डॉक्टर आले. "काय निघालं शेवटी? घामच ना?"

ताई माझ्याकडे बघत होत्या. मी एक शब्द बोलायला हवा होता. काम टिकवायचं होतं, माणूस कडक होता, आणि त्यानं उत्तर माझ्या तोंडाशी आणून ठेवलं होतं. "हो," मी म्हणालो. "तसंच काहीसं."

आणि एवढ्यावर मी थांबलो नाही, याचीच मला अजून जास्त लाज वाटते. खोट्याला पुरावा हवा म्हणून मी पिशवीतून कीबोर्डाचं प्लास्टिकचं कव्हर काढलं आणि ताईंच्या कीबोर्डावर चढवलं. "आता काळजी नको," म्हणालो. ताईंनी माझे आभार मानले.

त्या कव्हरखाली बटणं जड झाली. ताईंची बोटं हलक्या हाताची, जुन्या सवयीची. अक्षरं गळायला लागली. एकाची फाइल दुसऱ्याच्या नावानं गेली, रांग रेंगाळायला लागली, आणि कुणी काही बोलायच्या आधी ताईच मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. "मला मागं फायलींच्या खोलीत बसवा. माझे हात यंत्राला सोसत नाहीत." खिडकीत नवी मुलगी आली. ताई मागं गेल्या. लोक मात्र त्यांना खिडकीताईच म्हणत राहिले. त्या खोलीला खिडकीसुद्धा नव्हती.

मी काय केलं? काही नाही. महिन्यातून एकदा जायचो, पुढची मशीन बघायचो आणि मागच्या खोलीवरून जाताना मोबाइल कानाला लावायचो. अशी सहा वर्षं गेली.

मग खिडकीतलं मशीन बदलायला मला बोलावलं. नव्या मुलीच्या शेजारी खिळ्याला नॅपकिन लटकत होता. कीबोर्डाला हात लावायच्या आधी तिनं दोन्ही हात घासून पुसले. तिचे हात कोरडे ठाक होते.

"हे कशाला?" मी विचारलं.

"ताईंनी सांगितलंय. आधी इथं घामानं मशीन गेलं होतं म्हणे. आम्ही सगळेच पुसतो."

मी मान खाली घालून तारा जोडत बसलो. तेवढ्यात आतून पट्टी बांधलेले एक आजोबा भिंत चाचपत बाहेर आले. मागच्या खोलीतून ताई लगबगीनं आल्या आणि त्यांनी आजोबांचा हात धरला. ताईंच्या हातात पांढरे सुती मोजे होते. कागद खराब होऊ नयेत म्हणून त्या ते दिवसभर घालायच्या, हे मला तेव्हा कळलं.

आजोबांनी तो हात जरा दाबून बघितला. "ताई नाहीत वाटतं आज? पहिल्या डोळ्याच्या वेळी हात गार होता."

"मीच आहे की हो," ताई म्हणाल्या.

माझ्या हातातली तार तशीच राहिली. मी त्यांच्यामागून फायलींच्या खोलीत गेलो, दार लोटलं आणि उभ्या उभ्या सगळं ओकून टाकलं. शनिवार, दोन चौकटी, गोल पिनेचा कीबोर्ड, दहा सेकंद. ताई फायलीवर हात ठेवून ऐकत होत्या. मला वाटलं, रडतील, नाहीतर माझ्या श्रीमुखात देतील. दिली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे माझ्या हातानं नव्हतं गेलं?"

"नाही, ताई."

"मुलानं मला फोन घेऊन दिलाय. मी त्या फोनला रुमालातूनच हात लावते. नातीची खेळण्यातली ती बटणांची पेटी आहे ना, तिला तर..." त्या थांबल्या. "दुसऱ्या दिवशी तुला माहीत होतं?"

"आदल्याच रात्री कळलं होतं."

"मग ते कव्हर कशाला रे घातलंस?"

चुकलो एवढंच म्हणता आलं. ताईंनी एकेक बोट ओढत मोजे काढले. आतली बोटं सुरकुतलेली, पांढरीफटक होती. "मला नको सांगूस," त्या म्हणाल्या. "ज्यांच्यासमोर बोललास, त्यांच्यासमोर सांग."

मी सांगितलं. खिडकीपाशी, मोठ्या डॉक्टरांसमोर, नव्या मुलीसमोर, रांगेसमोर. मोठे डॉक्टर हसायला लागले. "अहो, सहा वर्षांपूर्वीचं काय उकरून काढताय? चालायचंच!" मग ताईंकडे वळून म्हणाले, "ऐकलंत ना? तुम्ही सुटलात! निवृत्तीला किती दिवस उरले?"

"अकरा," ताई म्हणाल्या. "तेवढे दिवस मी खिडकीत बसेन."

मुलगी आनंदानं उठली. मी राहिलेली तार जोडून मशीन चालू केलं, जुन्याच कीबोर्डावरचं ते पिवळं पडलेलं कव्हर ओढून काढलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. ताई खुर्चीत बसल्या, खुर्ची आपल्या उंचीला आणली. समोर नव्या मशीनचा लॉगिनचा पडदा होता, पासवर्डाच्या रिकाम्या चौकटीत रेघ लुकलुकत होती. ताईंनी बोटं उचलली, बटणांवर आणली.

तिथं बोटं थांबली. खरं काय ते ताईंना कळलं होतं. माझ्या तोंडून, चारचौघांत, आत्ताच. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, ओशाळल्यासारखं हसल्या, खिळ्यावरचा नॅपकिन ओढला आणि दोन्ही हात पुसले.