माझ्यावाचून चालणारा सर्व्हर

बढाई मारायची मला सवय नाही. पण गेल्या महिन्यात ऑफिसात मी एक सर्व्हर उभा केला. तो माझ्याशिवाय चालतो, आणि याचा मला इतका अभिमान वाटतो की लिहिल्याशिवाय राहवत नाही. मात्र अभिमानाबरोबर दुसरंही एक लिहावं लागेल.

मी चंडीगडच्या एका प्रयोगशाळेत आहे. डेराबस्सीच्या कारखान्यांतून आमच्याकडे औषधांचे नमुने येतात, यंत्रं त्यांची मापं काढतात, आणि त्या आकड्यांची साफसफाई-जुळणी होऊन सकाळी अहवाल तयार लागतो. हे करणारे प्रोग्रॅम कित्येक वर्षं एका जुन्या मशीनवर, माझ्याच लॉगिनखाली चालायचे. अडलं की मला फोन. एरवी मी अबोल. त्या फोनवर मात्र माझा आवाज रुबाबात चढायचा.

बायकोचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं तेव्हाही फोन आला. तिला आत नेलं आणि मी ऑफिसला गेलो. परतलो तेव्हा ती शुद्धीवर येऊन भिंतीकडे बघत पडली होती. "झालं का तुमचं?" एवढंच म्हणाली. मी म्हणालो, "काय करणार, दुसऱ्या कुणाला येत नाही." खरं म्हणजे मी कुणाला येऊच दिलं नव्हतं.

आता तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, सांगलीला, तिच्या भावाकडे राहून. मी महिन्याची रजा मागितली. साहेब म्हणाले, "नया सर्व्हर लगाइए. वो आपके बिना चलके दिखाए, फिर जाइए."

लागलो कामाला. कोऱ्या मशीनवर लिनक्स टाकलं. प्रत्येक प्रोग्रॅम त्याला लागणाऱ्या सगळ्या सामानासकट आपापल्या कंटेनरमध्ये बंद केला. आता तो कुठल्याही मशीनवर उचलून ठेवा, तसाच चालणार. त्यांच्यासाठी वेगळं खातं काढलं. माझं नाव कुठेच ठेवलं नाही. ते काढणं जरा जड गेलं, खोटं कशाला सांगू.

परीक्षा घ्यायला शेजारच्या टेबलावरच्या मॅडम. पतियाळाच्या, तोंडाच्या फटकळ. "सर जी, तुसी बाहर बैठो. हाथ जेब में." त्यांनी वीज बंद केली, चालू केली. कंटेनर आपोआप उठले, काम यशस्वी झाल्याचा निरोप आला, आणि अहवाल निघाला कोरा.

"वाह जी," मॅडम म्हणाल्या, "आज किसी दवाई में कोई खोट नहीं. दवाई ही नहीं है!"

आकड्यांची डिस्क जोडलेलीच नव्हती. जुनं मशीन बंद होऊन चालू झालं की ती मी स्वतः एक आज्ञा टाइप करून जोडायचो, न चुकता, विचारही न करता. ती आज्ञा कुठेच लिहिलेली नव्हती. फक्त माझ्या बोटांत होती. बिचारे कंटेनर रिकाम्या फोल्डरमध्ये आकडे शोधून गप्प बसले होते.

लाज वाटली, हसूही आलं. मशीन सुरू होतानाच डिस्क जोडली जाईल अशी सोय केली. ती नसेल तर कंटेनरांनी उठूच नये, अशी अटही घातली. मॅडमनी पुन्हा वीज घालवली. मी बाहेर. काही वेळाने दार उघडून त्या म्हणाल्या, "पक्का, सर जी. अब आपकी ज़रूरत नहीं."

एवढं गोड वाक्य अख्ख्या नोकरीत मला कुणी ऐकवलं नव्हतं. छाती फुगवून पार्किंगपर्यंत चालत गेलो.

घरी सांगितलं, "येतोय मी. महिनाभर."

"सर्व्हरला विचारलंत?"

"विचारलं. जा म्हणाला." मग इतकी वर्षं न बोललेलं तेही बोललो. "त्या ऑपरेशनच्या वेळी... आधीच कुणाला शिकवून ठेवलं असतं, तर जावं लागलं नसतं. मला ते फोन आवडायचे गं."

ती मेथी निवडत होती. "ठाऊक होतं," म्हणाली. निवडलेली पानं टोपलीत टाकली. मग म्हणाली, "आता हे कसं जमवलंत ते सांगा."

मी सगळं सांगत बसलो, डिस्कसकट. तिला किती कळलं देव जाणे. पण मध्येच तिने विचारलं, "म्हणजे वीज गेली तरी?"

"गेली तरी," मी म्हणालो. "आली की आपला आपण उठतो."