समुद्राची ओटी

दोन वर्षांमागं लेकीनं आमा दोघांना कोकणात धाडलं. समुद्र बघून या म्हणली. देवगाव फाट्यावर गाडीत बसलो ते दुसऱ्या दिवशी उतरलो. रिसॉर्ट म्हणत होते ते काय, तर झावळ्यांच्या झोपड्या, शेणाची भुई अन् माठातलं पाणी. प्लास्टिकची बाटली दारातच काढून घेतली. बायको हसायलीच.

"आवं, हे तर आपलंच जुनं घर हाय. हे बघाया लोक लांबून यायलेत व्हय?"

सकाळी तिला भुई पसंत पडली नाही. "लय पातळ सारवलंय," म्हणली. पदर खोचला अन् पाहुणी असून सगळी खोली सारवून काढली. तिथली मालकीण दारात उभी राहून बघतच राहिली. मग दोघी बोलत बसल्या, ही हिच्या बोलीत, ती तिच्या. कुणाचं काही अडलं नाही.

किनाऱ्यावर माणूस नव्हतं, नुसते खेकडे. बायकोनं पाणी चाखलं, थुंकलं. "एवढं पाणी, अन् रानातली एक सरी भिजायच्या कामाचं न्हाई." तरी समुद्राला हात जोडले. "बाई, आज रिकाम्या हातानं आले. पुढल्या खेपेला तुझी ओटी भरते."

पुढली खेप झालीच नाही. माघात ती गेली. तिचा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. ओटी बाईनं भरायची, हे काय मला ठाऊक नव्हतं? पण बाईच राहिली नाही. खण, नारळ, हिरव्या बांगड्या अन् घरचे गहू घेऊन मी एकटाच निघालो.

मालकिणीनं मला बघितलं अन् माझ्या मागं बघितलं.

"काकी खंय?"

"गेली."

ती पायरीवरच बसली.

मी पाण्याकडं निघालो तशी मागून पळत आली. "काकानू, कपडो दर्यात सोडू नकात. कासवां अडाकतत."

माझं डोकं फिरलं. "कासवाचं मला सांगू नको. माझ्या बायकोचा शब्द हाय."

"काकीन तरी कासवांक मारल्यान असता?"

मी पाण्याकडं पाठ केली. मग म्हणलं, "तर तूच घे. तूबी समुद्राचीच हायस."

"माका चलना नाय. घोव जावन चार वर्सां झाली."

"माझी बायको जाऊन चार म्हैने झाले. धर पदर."

तिनं एकवार पाण्याकडं बघितलं. मग पदर पुढं केला. आधी काय घालायचं तेबी मला ठाऊक नव्हतं. तीच हळू सांगत गेली, आधी खण, आता बांगड्यो, आता नारळ. गहू घालताना ओंजळ कलली, निम्मे वाळूत सांडले. ती वेचायला वाकली.

"ऱ्हाऊ दे," मी म्हणलं. "तेवढे समुद्राचे."